घशाची खवखव आणि दुखण्याची गोळी

निफाडकडच्या एक आजी माझ्याकडे यायच्या. कॅन्सर मणक्यात उतरलेला, त्यामुळे दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी. गोळीनं दुखणं आटोक्यात आलं, आजी पुन्हा ओट्यावर येऊन बसायला लागल्या. पण दोनेक महिन्यांत घसा धरला. सारखं खाकरायचं, सकाळी आवाज घोगरा, घशात काहीतरी अडकल्यासारखं. माझ्याकडे येईपर्यंत अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले होते. मी घसा बघितला, लाल दिसला, आणि चौथा कोर्स लिहून दिला. ती माझी चूक होती, म्हणून आजचं बोलणं तिथूनच सुरू करतो.

पुढच्या खेपेला त्यांची सून म्हणाली, "डॉक्टर, यांच्या तोंडाला हल्ली ओलच नसते. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी घास फिरतो." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

मॉर्फिन, कोडीन, फेंटानिलचा पॅच, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. त्यांना ओपिऑइड म्हणतात. ट्रॅमाडॉल तर पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत मिळतं, त्यामुळे आपण या घराण्यातलं काही घेतोय हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. ही औषधं थेट घशाला सूज आणतात, असा ठाम पुरावा नाही. पण घसा शाबूत ठेवणारी शरीराची जी व्यवस्था आहे, तिच्यात ती दोन-तीन ठिकाणी हात घालतात.

पहिली लाळ. निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती घास ओला करते, जंतूंना आवर घालते, आणि तिच्यातलं बायकार्बोनेट वर आलेलं आम्ल मारतं. झोपेत ती मुळातच जवळजवळ थांबते. ओपिऑइडनं ती दिवसाही आटते. त्यात नसांच्या दुखण्यासाठी रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलिन असली, तर तोंड आणखी कोरडं पडतं. मग माणूस तोंड उघडं टाकून झोपतो, आणि डिसेंबर-जानेवारीतली आपल्याकडची कोरडी थंड हवा रात्रभर घशावरून फिरते. कोरड्या तोंडात बुरशीही लवकर धरते. जिभेवर, टाळूवर पांढरे चट्टे दिसले तर तिथं अँटिबायोटिक देणं म्हणजे बुरशीला खतपाणी घालणं.

दुसरं पोट. या औषधांनी बद्धकोष्ठ होतं, हे ती घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण मंदावतं ते फक्त आतडं नाही. जठरही उशिरा रिकामं होतं. अन्ननलिकेच्या लाटांची लय बिघडते, तिच्या खालच्या टोकाची झडप नीट सैल होत नाही, घास छातीत अडकल्यासारखा वाटतो. रात्री नऊला जेवलेलं अकरालाही पोटातच असतं, आडवं झालं की आंबट वर येतं. जठराला आम्ल सोसायचं अस्तर आहे, स्वरयंत्राजवळच्या नाजूक त्वचेला ते नाही. आम्ल आणि पेप्सिन, म्हणजे जठरातला अन्न पचवणारा रस, थोडंसं जरी तिथं पोचलं तरी खवखव, ठसका, घोगरा आवाज सुरू होतो. छातीत जळजळ असेलच असं नाही, म्हणून पित्ताचा संशय कुणाला येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. आठवडे-महिने चाललेली गोळी एकदम बंद केली की नाक गळतं, डोळ्यांना पाणी येतं, जांभया येतात, अंग मोडून येतं. घरचे म्हणतात सर्दी झाली. ती सर्दी नसते, शरीर औषध मागत असतं. म्हणून हात जोडून सांगतो, आजचं ऐकून घरी जाऊन कुणाची गोळी बंद करू नका.

याची मला फार काळजी वाटते. शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरकडे, सरकारी परवान्यानं अफू पिकते. तिच्यापासून मॉर्फिन बनतं. पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांचं जंजाळ इतकं वाढलं की अनेक इस्पितळांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४च्या दुरुस्तीनं वाट सोपी केली, तरी भीती गेली नाही. आजही कॅन्सरची माणसं रात्र रात्र कण्हत काढतात. घशाच्या खवखवीपायी त्यात भर पडायला नको.

उलट बाजूनंही सावध राहायला हवं. हे औषध वेदना झाकतं, तशी घशातल्या खऱ्या आजाराचीही झाकतं. मिश्री, तंबाखू, गुटखा आपल्याकडे कमी नाही. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला, गिळताना त्रास वाढला, थुंकीत रक्त आलं, मानेला गाठ लागली, तर गोळीला बोल न लावता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं घसा तपासून घ्या. आणि लहान मुलांचे टॉन्सिल काढल्यावर घरातलं कोडीनचं औषध किंवा ट्रॅमाडॉल कधीही देऊ नका. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्यानं होतं आणि श्वास मंदावतो. त्यानं मुलं दगावली आहेत.

आजींचं मॉर्फिन आम्ही चालूच ठेवलं. अ‍ॅमिट्रिप्टिलिन कमी केली. पोट साफ राहायचं औषध, जे पहिल्या दिवसापासून द्यायला हवं होतं, ते सुरू केलं. जेवण सात वाजता, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन विटा, हाताशी पाण्याचा तांब्या आणि दर थोड्या वेळानं एक घोट. टाळूवर बुरशी होती, तिचं औषध दिलं. तीन आठवड्यांनी सुनेचा फोन आला. मागून आजींचाच आवाज येत होता, भाकरी करपली म्हणून कुणावर तरी ओरडत होत्या.