हे मूल इथे का आहे? बालगृहांच्या तपासणीविषयी

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

बालगृहांची तपासणी हा विषय व्याख्यानाच्या व्यासपीठावर सहसा येत नाही. एखाद्या संस्थेतील अत्याचार उघडकीस आला, की चार दिवस ‘तपासणी करणारे काय करत होते?’ असे विचारले जाते आणि मग विषय मागे पडतो. २०२२ च्या अखेरीस आपल्याच नाशिक जिल्ह्यातील, निराधार मुलांना ठेवणाऱ्या आधाराश्रमांच्या बातम्या आल्या, तेव्हाही तसेच झाले. प्रश्न रास्त होता. परंतु त्याचे उत्तर देण्याआधी तपासणी करणारा माणूस त्या इमारतीत शिरून नेमके काय पाहतो आणि काय त्याच्या नजरेआड राहते, हे सांगितले पाहिजे. आधी परिविक्षा अधिकारी (म्हणजे मुलांच्या घरची चौकशी करून अहवाल देणारी) आणि नंतर जिल्हा तपासणी समितीची सदस्य म्हणून केलेल्या कामाच्या आधारे मी बोलणार आहे. संस्थांची नावे मी घेणार नाही. मुलांची ओळख उघड करण्यास तर कायद्यानेच मनाई आहे.

नाशिकला मुलांचा सांभाळ करणाऱ्या संस्थांची परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात शरणपूरच्या मिशन वसाहतीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले राहत आणि शिकत असत. आफ्रिकेत फिरलेले ब्रिटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या अखेरच्या प्रवासात सामील झालेला आणि त्यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हा त्याच शाळेतला. मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा आला तो १९२४ मध्ये. आज लागू असलेला बाल न्याय अधिनियम २०१५ चा आहे, तो जानेवारी २०१६ पासून अमलात आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्यात जिल्हाधिकाऱ्यांची जबाबदारी वाढली. जुन्या पिढीच्या तोंडी मात्र अजून ‘रिमांड होम’ हाच शब्द आहे आणि ते गृह असलेल्या उंटवाडी रस्त्याने जाताना खोडकर मुलाला त्या नावाचा धाक घालणारे पालक मी ऐकलेले आहेत. निरीक्षणगृहात कायद्याशी संघर्ष झालेली, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली मुले असतात, बालगृहात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली. हा फरक आपल्या बोलण्यात उतरलेला नाही आणि बालगृहातल्या मुलाला शाळेत त्याची किंमत मोजावी लागते.

अधिनियमाच्या कलम ५४ नुसार तपासणी समितीने प्रत्येक संस्थेला तीन महिन्यांतून किमान एकदा भेट दिलीच पाहिजे. पथकात तिघांहून कमी सदस्य चालत नाहीत. त्यांत किमान एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा लागतो. भेटीनंतर आठवड्याभरात अहवाल द्यायचा आणि त्यावर महिन्याभरात कार्यवाही व्हायची, असा कायद्याचा हिशेब आहे. याखेरीज मूल कुठे राहील याचा आदेश देणाऱ्या बाल कल्याण समितीनेही महिन्याला किमान दोन भेटी द्यायच्या असतात. कागदावर पाहिले तर एखाद्या बालगृहात तपासणी करणाऱ्यांची वर्दळ असायला हवी आणि काही ठिकाणी ती असतेही. तरीही २०१८ मध्ये बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवरील अत्याचाराचे जे प्रकरण उघडकीस आले, ते नेहमीच्या सरकारी भेटींतून आले नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाने सामाजिक लेखापरीक्षण केले, त्याचे लोक मुलींजवळ बसले, बोलले, आणि त्या अहवालातून ते बाहेर आले. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने भेटींची संख्या आणि भेटीचा उपयोग यांतला हा फरक डोक्यात ठेवावा.

तपासणीच्या दिवशी काय होते ते सांगते. आपण येणार हे बहुधा आधीच कळलेले असते. दारात रांगोळी असते, मुले रांगेत उभी राहून स्वागतगीत म्हणतात, गुलाबाचे फूल मिळते, अधीक्षकांच्या खोलीत पोहे आणि चहा येतो आणि टेबलावर नोंदवह्यांची चळत तयार असते. शाल-श्रीफळही कधी कधी पुढे येते. ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याचा सत्कार झाला त्याला तासाभराने त्याच घरातले संडास उघडून पाहणे जड जाते. मी काही खायचे ते परत निघताना खात असे, तेही मुलांच्या पंगतीत जे असेल ते.

संडास-न्हाणीघर पाहणे हा या कामाचा दुय्यम भाग नाही. नियमांनुसार साधारण सात मुलांमागे एक संडास आणि दहा मुलांमागे एक न्हाणीघर लागते, शयनकक्षात प्रत्येक मुलाला सुमारे चाळीस चौरस फूट जागा लागते. हे मोजायला टेप पुरते. त्यापुढच्या गोष्टी टेपने मोजता येत नाहीत. कडी आतून आहे का, आणि बाहेरूनही आहे का? शयनकक्षाला रात्री बाहेरून कुलूप लागत असेल, तर आग लागल्यावर किल्ली कोणाकडे असते? दात घासायचे ब्रश मुलांच्या संख्येइतके आहेत, पण ते वापरून झिजलेले आहेत की कालच पाकिटातून काढलेले? गादी उन्हात शेवटची कधी टाकली, हे तिच्याजवळ वाकले की कळते. मुलींच्या गृहात प्रभारी आणि कर्मचारी महिलाच असाव्या लागतात. तेव्हा हजेरीपत्रकावरील नावांइतकेच रात्री प्रत्यक्ष तिथे कोण झोपते हे विचारावे लागते, आणि ते स्वयंपाकीणबाईंना विचारले तर लवकर कळते.

नोंदवह्यांचेही एक वाचन असते. जडवस्तू संग्रह नोंदवहीत कपाटे बरोबर आहेत का, हे मी पटकन उरकत असे. प्रवेश नोंदवही मात्र सावकाश वाचावी. एका पानावर मुलांच्या जन्मतारखा खाली खाली पाहत गेले आणि त्या सगळ्या १ जून निघाल्या, की समजावे, वयाची चौकशी कोणी केलेलीच नाही. आपल्याकडे शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की १ जून लिहायची रीत आहे, ती इथपर्यंत येते. कायद्याने वय ठरवण्याचा क्रम दिलेला आहे: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. वय चुकले की मूल चुकीच्या गटात राहते, चुकीच्या वर्गात बसते आणि अठरा पूर्ण झाले म्हणून एक-दोन वर्षे आधी बाहेरही पडते.

आहाराची नोंदवही हा माझ्या आवडीचा विषय आहे. नाशिककर उदार आहेत. वाढदिवस, पुण्यतिथी, पितृपक्ष या निमित्ताने बालगृहात जेवण देण्याची पद्धत इथे चांगलीच रुजली आहे. त्यामुळे एखाद्या आठवड्यात मुलांच्या पानात सलग श्रीखंड-पुरी, गुलाबजाम आणि मसालेभात पडतो, आणि पुढच्या आठवड्यात पातळ वरण आणि भात. नोंदवहीत पहिला आठवडा सविस्तर लिहिलेला असतो. दुसऱ्या आठवड्याची भाजी कोणती होती, हे मुलांनाच विचारावे लागते. शिवाय देणगीदारांना वाटते की आपल्या मुलाने केक कापताना बालगृहातल्या मुलांनी टाळ्या वाजवाव्यात आणि त्याचा फोटो निघावा. तो फोटो समाजमाध्यमांवर टाकला, की ओळख उघड करण्याची मनाई मोडते. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

मुलांशी बोलणे हा सर्वांत कठीण भाग. ‘इथे कसं वाटतं?’ असे विचारले की ‘छान!’ असे एका सुरात उत्तर येते. ते खोटे असते असे नाही, पण त्यातून काही कळत नाही. म्हणून प्रश्न लहान आणि ठोस हवेत: रात्री तहान लागली तर पाणी कुठून घेतोस? ताप आला तर आधी कोणाला सांगतोस? शेवटचा फोन घरी कधी झाला, आणि बोलताना जवळ कोण उभे होते? दंगा केला तर काय होते? या शेवटच्या प्रश्नाला बऱ्याचदा ‘ताई काही करत नाहीत, मॉनिटर करतो’ असे उत्तर येते. मोठ्या मुलाच्या हातात शिस्त सोपवून कर्मचारी मोकळे होतात आणि मारहाणीच्या चौकशीत कर्मचाऱ्याचे नावच येत नाही. शिस्तीसाठी कर्मचाऱ्याने मारले तर अधिनियमात शिक्षा आहे. मारायला दुसऱ्या मुलाला लावले तर ते सिद्ध करायला अधिकाऱ्याला बरेच खोदावे लागते.

भाषेचा मुद्दा आपल्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा आहे. सुरगाणा-पेठकडची मुले आपसांत कोकणा बोलतात, बागलाण-देवळ्याकडची अहिराणी, मालेगावची काही मुले उर्दू किंवा हिंदी. कार्यालयीन मराठीतल्या प्रश्नाला त्यांची मान फक्त होकारार्थी हलते. पथकात ती भाषा जाणणारे कोणी नसेल, तर त्या मुलांपुरती तपासणी झालीच नाही असे मी अहवालात लिहीत असे. काही सहकाऱ्यांना ते आवडत नसे.

तक्रारपेटीविषयी एकच सांगते. नियमांप्रमाणे ती कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ असावी आणि तिची किल्ली संस्थेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असावी. अधीक्षकांनी टेबलाच्या खणातून किल्ली काढून पेटी उघडून दाखवली, तर पेटीत काय निघाले हे पाहण्याची गरज उरत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. इमारत, वह्या, जेवण, शिस्त हे सगळे ठीक निघाले, तरी एक प्रश्न राहतो आणि माझ्या मते तपासणीची सुरुवातच त्या प्रश्नाने व्हावी: हे मूल इथे का आहे, आणि अजून का आहे? बालगृहांतली सगळी मुले अनाथ असतात, हा आपला मोठा गैरसमज आहे. आई-वडिलांपैकी एक किंवा दोघेही हयात असलेली मुले तिथे पुष्कळ आढळतात. वडील वारले, आई द्राक्षबागांच्या छाटणीसाठी निफाड-दिंडोरीकडे आली, झोपडीत मुलीला एकटी ठेवायची भीती वाटते, म्हणून ओळखीच्या कोणीतरी सुचवलेल्या संस्थेत ती राहते. तिला कोणी टाकलेले नाही. तिच्या घराला महिन्याकाठी काही रक्कम आणि एखाद्या चांगल्या अंगणवाडी ताईचे लक्ष मिळाले असते, तर ती घरीच वाढली असती. त्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, तिची रक्कम आता दरमहा २,२५० रुपये आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वासाठी, म्हणजे मूल घरीच वाढावे म्हणून कुटुंबाला द्यायच्या मदतीसाठी, दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. अधिनियमाचे तत्त्वही असेच सांगते, की संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय.

म्हणून मी एक पद्धत ठेवली होती. वह्यांच्या चळतीतून दोन-तीन मुलांच्या फाइली मी स्वतः निवडत असे, संस्थेने पुढे केलेल्या घेत नसे. बाल कल्याण समितीचा आदेश आहे का आणि त्याची मुदत काय? मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल घरी जाऊन लिहिला आहे, की दुसऱ्या फाइलमधून उतरवला आहे? (दोन वेगवेगळ्या तालुक्यांतल्या मुलांचे ‘घर’ शब्दशः एकसारखे निघालेले मी पाहिले आहे.) वैयक्तिक काळजी योजना शेवटची कधी अद्ययावत झाली? आणि मग त्याच मुलाला भेटून त्याला विचारायचे, की तुला इथे किती दिवस राहायचे आहे, हे कोणी सांगितले आहे का? बहुतेकांना कोणीही सांगितलेले नसते. कायद्याने बाल कल्याण समितीला मुलाच्या पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत अंतिम आदेश द्यायला सांगितले आहे, आणि मूल मात्र चौथी इयत्ता, पाचवी, सहावी अशी वर्षे मोजत असते.

इथे संस्थेचे हितही आडवे येते, हे बोलले पाहिजे. अनुदान आणि देणगी दोन्ही मुलांच्या संख्येवर मिळतात. मूल घरी गेले की जागा रिकामी होते. मी हे सर्व संस्थाचालकांवर ठेवत नाही. सचोटीने काम करणाऱ्या आणि स्वतःचे दागिने गहाण ठेवून किराणा भरणाऱ्या बाई मी पाहिल्या आहेत. पण ज्या व्यवस्थेत मूल घरी पाठवल्याने संस्थेचे नुकसान होते, तिथे मूल घरी परत पाठवण्याचा आग्रह बाहेरच्या माणसाने धरावा लागतो, आणि तो बाहेरचा माणूस म्हणजे तपासणी समिती.

नोंदणीचा प्रश्न यालाच जोडलेला आहे. कलम ४१ प्रमाणे मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे, अनुदान मिळो वा न मिळो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वर्षअखेरपर्यंत सर्व संस्थांची नोंदणी पूर्ण करण्याचे आदेश दिले होते. तरी भाड्याच्या बंगल्यावर गुरुकुल, आधाराश्रम किंवा नुसते ‘छात्रालय’ असा फलक लावून मुले ठेवली जातात. अशा घराची नोंदच नसल्याने ते आमच्या तिमाही यादीत येत नाही आणि आमच्या भेटीही तिथे होत नाहीत. आश्रमशाळांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्या आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत येतात, त्या विभागाचे आयुक्तालय तर नाशिकमध्येच आहे, पण त्यांची पाहणी करणारी यंत्रणा निराळी. एकाच पाड्यावरची दोन भावंडे, एक आश्रमशाळेत आणि एक बालगृहात, दोन वेगळ्या यंत्रणांच्या नजरेखाली राहतात, आणि त्या यंत्रणांचे एकमेकांशी बोलणे मी फारसे पाहिलेले नाही.

त्रुटी सापडल्या तर संस्था बंद करा, असे सभेत म्हणणे सोपे असते. बंद करायची म्हणजे तिथल्या मुलांना दुसरीकडे न्यायचे. शाळेचे वर्ष मध्येच तुटते, मुले आणि मुली वेगळ्या गृहांत जात असल्याने भाऊ-बहीण दुरावतात, आणि आधीच एकदा घर सुटलेल्या मुलाचे पुन्हा सुटते. म्हणून जिथे अत्याचार आहे तिथे एक दिवसही थांबू नये, मुले त्याच संध्याकाळी हलवावीत आणि पोलिसांत गुन्हा नोंदवावा. जिथे दुर्लक्ष आहे, पण माया आहे, तिथे मुदत घालून, पुन्हा पुन्हा जाऊन, सुधारणा करून घ्यावी. दोन्हींतला फरक ओळखण्याचे कोणतेही छापील प्रपत्र नाही. कारणे दाखवा नोटीस पाठवल्यावर अनुपालन अहवाल येतो, त्यात ‘त्रुटींची पूर्तता केली आहे’ असे एक वाक्य असते. त्या वाक्यावर फाइल बंद न करता पुन्हा जाऊन तो संडास, ती कडी आणि तो दिवा पाहणे, हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत उपयोगी काम आहे.

श्रोत्यांपैकी अनेकजण बालगृहांना मदत करतात, म्हणून शेवटी व्यवहाराचे सांगते. देणगी देण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र मागा आणि त्यावरील मुदत पाहा. नोंदणी पाच वर्षांची असते. जेवण द्यायचे असेल तर गोडाऐवजी महिन्याची डाळ, दूध आणि फळे द्या, आणि तारीख तुमच्या सोयीची न निवडता संस्थेला विचारून ठरवा. मुलांचे फोटो काढू नका. नोंदणी नसलेल्या घरात मुले राहताना दिसली, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा. मूल अडचणीत दिसले तर १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवलेला आहे, आणि संस्थाचालक सभागृहात असतील तर त्यांनी आमच्याविषयीच्या तक्रारीही मांडाव्यात. त्या ऐकायला मी तयार आहे.