शेवटचा दाणा

(पडद्यावर: फिरती नळी अगदी जवळून. नळीच्या तोंडाशी पावडरचे दाणे, खाली पॅन, बाजूला उजळलेले आकडे.)

काडतुसात भरायची पावडर तोलून देणाऱ्या यंत्राची नळी फिरते आहे. सुरुवातीला दाणे भराभर पडत होते, आता मोजून मापून पडतायत. आकडा ठरलेल्या वजनाजवळ येतो तशी नळी थबकते, किंचित वळते, पुन्हा थबकते. तोंडाशी अडकलेला एक काळपट दाणा घरंगळून पॅनमध्ये पडतो. बीप वाजतो आणि मोटर थांबते.

काडतुसं स्वतः भरणारे नेमबाज या कामाला रिलोडिंग म्हणतात. वापरलेली पितळी पुंगळी स्वच्छ करायची, जुना प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारी बुडाची छोटी टोपी, काढायचा, पुंगळी पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, आत पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, ओतायची आणि वर गोळी दाबून बसवायची. काही देशांत हा सर्रास चालणारा छंद आहे, काही ठिकाणी त्याला परवाना लागतो, काही ठिकाणी तो करताच येत नाही. जिथे चालतो तिथे यातलं सगळ्यात जबाबदारीचं काम एकच, पावडर तोलण्याचं. पुंगळीत खोट असेल तर ती बहुतेक वेळा हाताला किंवा डोळ्याला जाणवते. गोळी एकदा बसली की आत पावडर किती आहे, हे बाहेरून दिसत नाही.

(पडद्यावर: तळहातावर पावडरचे मोजके दाणे.)

वजन इथे ग्रॅममध्ये नाही, ग्रेनमध्ये बोललं जातं. एका पौंडात ७००० ग्रेन. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. नेमबाज भांडतात ते ग्रेनच्या दहाव्या भागावरून, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिग्रॅमवरून. रायफलसाठीच्या काडीसारख्या लांबट पावडरचे चार-पाच दाणे घेतले की तेवढं वजन भरतं.

पूर्वी, आणि आजही अनेकांच्या टेबलावर, हे काम दोन साधनांनी होतं. एक मापाचं यंत्र, ज्यात दांडा फिरवला की ठरावीक आकाराची पोकळी भरते आणि रिकामी होते. हे यंत्र वजन करत नाही, घनफळ मोजतं. गोल किंवा चपट्या बारीक पावडरला ते उत्तम चालतं. लांबट दाणे मात्र पोकळीत आडवेतिडवे बसतात, मध्येच कापले जातात आणि दर वेळी थोडं कमीजास्त पडतं. म्हणून अचूकतेचा आग्रह धरणारे आधी थोडी कमी पावडर टाकत, पॅन दांडीच्या तराजूवर ठेवत आणि हाताने छोटी नळी फिरवत दाणा दाणा भर घालत. काम चोख होतं, पण वेळ जातो, डोळे थकतात. शंभर काडतुसं भरताना शेवटच्या वीसांत लक्ष ढळतं.

स्वयंचलित यंत्राने ही दोन्ही साधनं एका पेटीत आणली. वर पावडर साठवणारं भांडं, म्हणजे हॉपर, मध्ये मोटरवर फिरणारी नळी, खाली तराजू. वजन टाइप करायचं, बटण दाबायचं. नळी आधी वेगाने फिरते, मग हळू, मग थांबत थांबत. तराजू सतत आकडा सांगत असतो आणि मोटर त्याचं ऐकत असते.

(पडद्यावर: उघडलेलं यंत्र. ॲल्युमिनियमचा छोटा पट्टा, त्यावर चिकटवलेली पातळ पट्टी, बारीक तारा.)

या तराजूचं हृदय म्हणजे हा धातूचा पट्टा, लोडसेल. पॅनमध्ये वजन पडलं की तो डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो. त्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांतला विजेचा रोध त्या वाकण्याने किंचित बदलतो. हा बदल वाढवून, गाळून, आकड्यात उतरवून यंत्राच्या पडद्यावर येतो. सगळा खेळ विजेच्या फार क्षीण इशाऱ्यावर चालतो, आणि म्हणूनच हा तराजू इतका हळवा असतो. यंत्र नुकतंच चालू केलेलं असेल तर आतले भाग गरम होईपर्यंत आकडा सरकत राहतो. पंख्याची झुळूक लागली तरी सरकतो. जवळ मोबाइल वाजला, एखादी जुनी ट्यूबलाइट लुकलुकली, टेबल हललं, तरी सरकतो.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. लोडसेल वस्तुमान थेट ओळखत नाही, त्याला पृथ्वीची ओढ कळते. विषुववृत्ताजवळ आणि ध्रुवाजवळ ही ओढ सुमारे अर्ध्या टक्क्याने वेगळी असते. चाळीस ग्रेनवर तो फरक ०.२ ग्रेन होतो. दांडीच्या तराजूला याची पर्वा नसते, कारण तिथे दोन्ही बाजूंना ओढ सारखीच लागते. इलेक्ट्रॉनिक तराजू मात्र जिथे वापरायचा तिथेच, सोबतच्या प्रमाणित वजनांनी कॅलिब्रेट करावा, म्हणजे त्यांच्याशी जुळवून घ्यावा लागतो.

आमच्या मते या यंत्रांविषयीचा सर्वात मोठा गैरसमज शेवटच्या अंकाचा आहे. पडद्यावर ग्रेनचा दहावा भाग दिसतो म्हणून तेवढी अचूकता मिळाली असं नसतं. बहुतेक घरगुती यंत्रांचे निर्माते स्वतःच अधिक-उणे ०.१ ग्रेन असं सांगतात. म्हणजे एकच आकडा दाखवणाऱ्या दोन पॅनांमध्ये खरा फरक ०.२ ग्रेनपर्यंत असू शकतो. शिवाय अनेक तराजूंमध्ये शून्य आपोआप सावरण्याची सोय असते. शून्याजवळ फार हळू पडणारे दाणे तराजूला सरकणारं शून्य वाटतात आणि तो ते गिळून टाकतो.

(पडद्यावर: हात पॅन उचलतो. आकडा उणेमध्ये जातो.)

इथे एक साधी खूण कामाला येते. पॅन उचललं की पडद्यावर उणे आकडा येतो, तो रिकाम्या पॅनच्या वजनाचा. काम सुरू करताना तो लिहून ठेवायचा. दर वेळी पॅन उचलल्यावर तोच आकडा दिसला तर शून्य जागेवर आहे. ०.१ किंवा ०.२ ने बदलला तर तराजू सरकला आहे, हातातलं पॅन परत हॉपरमध्ये ओतायचं आणि शून्य पुन्हा लावायचं. यासाठी वेगळं उपकरण लागत नाही, नजर आकड्यावर असली की पुरे.

नळीचंही एक दुखणं आहे. तिच्या आत मळसूत्रासारखे आटे असतात, त्यांच्यावरून पावडर पुढे सरकते. आट्याच्या टोकाशी दाण्यांचा पुंजका जमतो आणि एकदम कोसळतो. वजन पूर्ण व्हायला दोन दाणे कमी असताना सहा पडले की यंत्र जास्त झाल्याचा इशारा देतं. यावर नेमबाजांनीच उपाय शोधला. पेय पिण्याच्या प्लास्टिकच्या स्ट्रॉचा छोटा तुकडा कापून नळीच्या तोंडात बसवायचा. तोंड अरुंद झालं की पुंजके मोडतात आणि दाणे सुटे पडतात. पुढे स्थिर विजेचा त्रास. कोरड्या हवेत दाणे पॅनला आणि हॉपरच्या भिंतीला चिकटून बसतात. कपडे वाळवणाऱ्या यंत्रात टाकतात तो स्थिर वीज घालवणारा कागद पॅनवरून फिरवला की बरेच सुटतात.

लांब पल्ल्याच्या स्पर्धांत खेळणारे याच्या पुढे गेले. ते लोडसेलऐवजी प्रयोगशाळेतला तराजू वापरतात. ए अँड डी कंपनीचा एफएक्स-१२०आय हा त्यांच्यात फार लोकप्रिय. तो एक मिलिग्रॅमपर्यंत वाचतो, ग्रेनमध्ये ०.०२ पर्यंत, म्हणजे जवळपास एका दाण्यापर्यंत. चुंबकीय बलावर चालणाऱ्या अशा तराजूत वजनाने खाली जाऊ पाहणारा दांडा विजेच्या बळाने जागेवर धरून ठेवतात. धरून ठेवायला किती प्रवाह लागला, त्यावरून वजन कळतं. त्याला जोडलेली दाणे सोडणारी यंत्रणा तराजूचं वाचन ऐकत काम संपवते.

एवढ्या बारकाईची गरज सगळ्यांना आहे का? नाही. मध्यम आकाराच्या रायफल काडतुसात ०.१ ग्रेनने गोळीचा वेग सेकंदाला काही फुटांनी बदलतो. शंभर यार्डांवर तो फरक दिसत नाही. हजार यार्डांवर मात्र वेगातला असा फरक वाढला की गोळ्या निशाण्यावर वर-खाली पसरतात. पिस्तुलाच्या काडतुसांसाठी मापाचं यंत्रच बरं, कमी वेळात भरपूर काम होतं.

(पडद्यावर: लाकडी ठोकळ्यात उभ्या पुंगळ्या, वरून टॉर्चचा प्रकाश.)

यंत्र तोलतंय तोवर हात रिकामे असतात. बहुतेक जण त्या वेळात आधीच्या पुंगळीत गोळी बसवतात. वेळ वाचतो, पण धोका इथेच शिरतो. कोणी हाक मारली, लय तुटली, आणि एका पुंगळीत दोनदा पावडर ओतली गेली किंवा एकीत मुळीच गेली नाही. पिस्तुलाच्या काही काडतुसांत पावडर इतकी थोडी असते की दुप्पट भरली तरी बाहेर सांडत नाही. अशा दुप्पट भराव्याच्या दाबाने शस्त्र फुटू शकतं. रिकामी पुंगळी उडाली तर केवळ प्रायमरच्या जोरावर गोळी बंदुकीच्या नळीत अडकते आणि मागून येणारी दुसरी गोळी तिच्यावर आदळते. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड टाकून पातळी बघायचीच. यंत्राने पॅन अचूक भरलं, ते कुठे ओतलं हे त्याला माहीत नसतं.

हॉपरमध्ये कोणती पावडर आहे, हेही त्याला माहीत नसतं. रायफलसाठी नेमलेल्या वजनाइतकी पिस्तुलाची जलद जळणारी पावडर ते तितक्याच तत्परतेने तोलून देईल. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा, तोही लेबल समोर करून. भराव्याचं वजन प्रकाशित तक्त्यातून घ्यायचं, सुरुवात खालच्या आकड्यापासून करायची.

काम संपलं की हॉपर लगेच रिकामं करायचं आणि पावडर तिच्याच डब्यात परत घालायची. नायट्रोग्लिसरीन असलेल्या काही पावडरी प्लास्टिकवर डाग पाडतात, ते खातातही. उघड्यावर राहिलेली पावडर हवेतला ओलावा घेते किंवा आपला सोडते, आणि तिचं जळणं बदलतं. तळाचं झाकण उघडून पावडर काढली तरी नळीच्या आट्यांत दाणे राहतात. मोटर चालू ठेवून, एकही दाणा पडेनासा होईपर्यंत नळी फिरू द्यायची, मग ब्रशने तोंड झाडायचं. पुढची पावडर वेगळी असेल तर तिचे सुरुवातीचे थोडे ग्रेन पॅनमध्ये घेऊन बाजूला काढायचे आणि टाकून द्यायचे.