कुंडीतला दंड

(दृश्य : क्लब रोड, सकाळ. धुक्यातून येणाऱ्या दुचाक्या. बागेचं फाटक.)

डिसेंबरचा शेवटचा रविवार. नऊ वाजत आले तरी बेळगावचं धुकं झाडांच्या शेंड्यांवरून उतरायला तयार नाही. ह्यूम पार्कच्या फाटकाशी एक 'छोटा हत्ती' टेम्पो येऊन थांबतो. हौद्यात एरवी रोपं असतात, आज सतरंज्या आणि दोन मोठी पातेली आहेत. आणि पातेल्यांमधल्या फटीत, सहज कुणाच्या नजरेस पडू नयेत अशा बेतानं, ओल्या पोत्यात गुंडाळलेली काही रोपंही आहेतच.

ही नर्सरीवाली माणसं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात रोपवाटिका चालवणाऱ्यांचा हा गट. वर्षभर एकमेकांचं गिऱ्हाईक पळवायचं आणि वर्षातून एक दिवस एकत्र जेवायचं, असा यांचा शिरस्ता. जेवण नेहमी सार्वजनिक बागेत. एकाच्या नर्सरीत ठेवून पाहिलं होतं, तर यजमान पंगत सोडून गुलाब विकायला गेला तो चार वाजता परत आला.

सुट्टीला डिसेंबरचा शेवटच का? यांचं पंचांग वेगळं. मृगाचा पाऊस लागला की लागवडीची झुंबड. तेव्हा घरातलं लग्नसुद्धा पुढं ढकलतात. मग दसऱ्याचा झेंडू, दिवाळीची शेवंती, तुळशीच्या लग्नानंतर मांडवाला भाड्यानं जाणाऱ्या कुंड्या. त्यातल्या किती धड परत येतात, तो विषय आज काढायचा नाही. फेब्रुवारीपासून ऊन चढतं, की शेडनेट आणि पाण्याच्या टँकरमागं धावायचं. उरतात ते हे दहा-पंधरा दिवस.

(दृश्य : फाटकाच्या आत, पारावर ठेवलेली मातीची रिकामी कुंडी. जवळून.)

ही कुंडी नीट बघून ठेवा. आजचा नियम एकच : धंद्याचं बोलायचं नाही. खत, कीड, भाव, उधारी, यातला एक शब्द जरी तोंडातून निघाला तरी 10 रुपये या कुंडीत.

पहिली नोट पडायला किती वेळ लागला, ते आम्ही घड्याळ लावून पाहिलं. चार मिनिटं.

खानापूरकडचे एक काका, काजूची कलमं करणारे, फाटकातून आत आले आणि जास्वंदीच्या कुंपणापाशी थबकले. बोलले काहीच नाहीत. एक पान उलटं केलं. देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी होतं. ते त्यांनी अंगठ्यानं पुसलं, अंगठा पॅंटला पुसला आणि पुढं चालू लागले. मागून आवाज आला, "काका, पिठ्या ढेकूण हाय काय हो?" काकांनी मान डोलावली. दंड विचारणाऱ्याला झाला. काका निर्दोष सुटले, कारण बघण्यावर बंदी नाही.

त्या जास्वंदीला इथं दासवाळ म्हणणारेही तितकेच. अबोली मागायला आलेलं गिऱ्हाईक कधी कनकांबर म्हणतं, शेवंती मागणारं सेवंतिगे. चोर्ला घाट चढून गोव्याची गाडी आली की आणखी तिसरी बोली. नर्सरीवाल्याला सगळ्याच समजाव्या लागतात. 1956 साली हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या दुखण्यावर बोलायला बसलो तर दुसरा माहितीपट करावा लागेल. इथं पारावर मात्र "ऊटा आतेन्री?", म्हणजे जेवण झालं का, या प्रश्नाला "अजून कुठं, आत्ताच आलोय की" असं मराठीत उत्तर जातं आणि विचारणारा पुढचा प्रश्न कन्नडमध्येच विचारतो. दोघांनाही आपण काही विशेष करतोय असं वाटत नाही.

गावाचं जुनं नाव वेणुग्राम, म्हणजे बांबूचं गाव. बांबू हे झाड नसून गवत आहे, ही दुरुस्ती एका तरुणानं लगेच केली. तो अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात शिकलेला. गोकाकजवळचं हे कॉलेज आता बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाखाली येतं. त्याच्या दुरुस्तीला धंद्याचं बोलणं मानायचं की ज्ञान, यावर मतभेद झाले. ज्ञान ठरलं.

(दृश्य : लाल पानांचं झुडूप. कॅमेरा हळूहळू जवळ.)

आता इथं जरा थांबू.

नाताळात कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, जुन्या बंगल्यांच्या आवारात हे लाल झुडूप हमखास दिसतं. पॉइन्सेटिया. मूळचं मेक्सिकोचं. 1820 च्या दशकात जोएल पॉइन्सेट नावाच्या अमेरिकन वकिलानं, म्हणजे राजदूतानं, ते आपल्या देशात नेलं आणि त्याचं नाव झाडाला चिकटलं. आमच्या इथल्या आप्पांच्या तोंडी मात्र ते 'पानशेटिया' आहे. आप्पांचं वय सत्तरीच्या पुढं, कलमं करण्यात हयात गेलेली. त्यांचं म्हणणं, नाव आपलंच बरोबर आहे. कारण हे लाल दिसतंय ते फूल नव्हेच, पान आहे.

आणि आप्पांचं खरं आहे. मधोमध पिवळट मण्यांसारखे जे बारीक दाणे दिसतात, ती खरी फुलं. भोवतीची लाल पाकळी म्हणजे रंग बदललेलं पान. पान रंग बदलतं ते रात्र मोठी झाली म्हणून. थंडीचा हात त्यात मुख्य नाही, अंधाराचा आहे. रोज निदान बारा तासांच्या आसपास सलग अंधार मिळाला, तोही काही आठवडे, तरच झाड लाल होतं. मध्येच कुणी दिवा लावला तर त्याचा हिशेब चुकतो.

आप्पा सांगतात, कॅम्पातल्या एका आवारात त्यांनी ओळीनं सहा झुडपं लावली होती. पाच लालभडक झाली, सहावं हिरवंच्या हिरवं. बंगल्याच्या बाईंना वाटलं, आप्पांनी रोप खराब दिलं. आप्पा संध्याकाळी जाऊन बघतात तर कुंपणाबाहेरचा रस्त्याचा दिवा नेमका सहाव्याच्या डोक्यावर. "त्याला रात्रच होत नव्हती बघा. बिचारं जागंच."

एवढं सांगून आप्पांनी स्वतःहून खिशात हात घातला आणि कुंडीत दहाची नोट टाकली.

(दृश्य : पार. लाकडी फळी, कलमाचे चाकू, आंब्याची रोपं.)

साडेअकराला कलमांची शर्यत. हा खेळ आहे, म्हणून त्याला दंड नाही, असं सोयीस्करपणे ठरलेलं.

समोर कोयीपासून वाढवलेली रायवळ आंब्याची रोपं. हे खुंट. शेजारी हापूसच्या काड्या. आठ-दहा दिवसांपूर्वी झाडावर असतानाच त्यांची पानं छाटलेली, फक्त देठ ठेवलेले. तसं केलं की देठ आपसूक गळतात आणि डोळा फुगून तयार होतो.

आप्पांचा हात बघा. खुंटाचा शेंडा आडवा कापला. मग मधोमध सरळ खाली चीर, दोन बोटांच्या पेरांएवढी. काडीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तिरका काप, पाचरीसारखा. प्रत्येक बाजूला एकच घाव. दुसऱ्यांदा चाकू फिरवला की काप उंचसखल होतो आणि आत हवा राहते. कापलेल्या भागाला बोट लागू द्यायचं नाही. पाचर चिरेत बसवायची. खुंट जाड आणि काडी बारीक असेल तर काडी मध्ये ठेवायची नाही, एका कडेला सरकवायची, कारण सालीखालचा हिरवा थर थराला भिडला पाहिजे. जीव तिथं आहे, मधल्या लाकडात नाही. मग प्लॅस्टिकची पट्टी, खालून वर, ताणून.

एकतीस सेकंद.

निपाणीकडच्या एका अक्कांना अठ्ठावीस लागले. निपाणी तंबाखूची. त्यांच्या सासऱ्यांनी तंबाखूचा तरवा टाकण्यात उमर घालवली. अक्का आता ट्रेमध्ये मिरचीची आणि एक डोळ्याच्या उसाची रोपं करतात. कलम हा त्यांचा रोजचा धंदाच नव्हे. कुणीतरी आप्पांना डिवचलं, "काय ओ आप्पा, हात कापायला लागला काय?"

"हात नव्हं, थंडी कापतीया."

आणि मग हळूच आम्हाला, कॅमेरा बंद आहे असं समजून : या दिवसांत केलेलं आंब्याचं कलम फारसं लागत नाही. उबदार, दमट हवा लागते त्याला, पावसाळ्यातली. आज हे सगळं फक्त हात बघायला. अक्कांचे तीन सेकंद जुलैत मोजू म्हणाले.

(दृश्य : पंगत.)

जेवणात झुणका, भाकरी, भरली वांगी, मसालेभात. नाताळ म्हणून कॅम्पातल्या बेकरीचा केक, बेळगाव म्हणून कुंदा. दोन्ही एकाच पानावर, एकमेकांना चिकटून. एकानं बेळगुंदीकडची रताळी आणली होती, पण विस्तव पेटवायला परवानगी नाही म्हटल्यावर ती तशीच वाटून टाकली. जेवणाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. सगळे भरपूर जेवले आणि सतरंजीवर आडवे झाले.

(दृश्य : ओली पोती सोडली जातात.)

दुपारी तीनला पोत्यातली रोपं बाहेर आली. प्रत्येकानं एक रोप आणायचं, चिठ्ठी टाकून ते दुसऱ्याला जायचं. अट ही, की रोप न विकायचं असलं पाहिजे. ज्या मातृवृक्षाच्या काड्या कुणाला देत नाही, त्याचं. नर्सरीवाल्याचं भांडवल जागा नाही, पाइपलाइन नाही, हे एक-दोन मातृवृक्ष. ते धंद्यातल्या माणसाच्या हातात देणं म्हणजे दुकानाची किल्ली देण्यासारखं.

म्हणून बरेच जण चलाखी करतात. साधं रोप आणून "लई दुर्मीळ" म्हणतात. पण इथं कुणाला फसवणार? पान चुरडून वास घेतला की कळतं.

यंदा काजूवाल्या काकांनी आणलं जांभळाचं एक काटकुळं कलम. त्यांच्या बांधावरच्या झाडाची. फळ अंगठ्याएवढं, बी नखाएवढी, असं ते म्हणतात. आजवर त्यांनी काडी कुणाला दिली नव्हती. चिठ्ठी निघाली ती नेमकी त्यांच्या शेजारच्या गावातल्या नर्सरीवाल्याची. दोघांचं पाच वर्षं बोलणं नाही. कशावरून, ते आम्हाला तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. काकांनी रोप दोन्ही हातांनी पुढं केलं. समोरच्यानं घेतलं, पिशवीच्या बुडाशी बोट लावून ओल बघितली आणि विचारलं, "माती लाल घातलीसा?"

"लाल माती, शेणखत, भाताचा तूस."

पाच वर्षांनी बोलले ते एवढंच. कुंडीत दोघांनीही दहा-दहा टाकले.

(दृश्य : बागेचा कोपरा, पालापाचोळ्याचा खड्डा. संध्याकाळ.)

बेळगावची एक गंमत बाहेरच्यांना ठाऊक नसते. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात कॅम्पात रस्त्याकडेला ओल्डमॅन विकायला ठेवलेले असतात. गवताचे, कागदाचे, जुनी पॅंट-शर्ट घातलेले म्हातारे. 31 डिसेंबरच्या मध्यरात्री गल्लोगल्ली ते जाळायचे, म्हणजे सरतं वर्ष गेलं.

नर्सरीवाल्यांच्या पोरांनीही दिवसभर एक ओल्डमॅन केला होता. अंगात वाळलेल्या शेवंतीची धाटं, पोटात नारळाच्या काथ्या, डोक्यावर फुटकी कुंडी. बागेत जाळता येत नाही. म्हणून कुंडी काढून घेतली आणि म्हाताऱ्याला खड्ड्यात नीट निजवला. वर पालापाचोळा, त्यावर शेणाची स्लरी. जूनपर्यंत खत होईल. पोरांना हे अजिबात पटलं नाही. त्यांना आग हवी होती.

(दृश्य : फाटक. अंधार पडतोय.)

कुंडीतले पैसे मोजले : 640 रुपये. पुढच्या वर्षीच्या केकला पुरतील.

सहा वाजता रखवालदार फाटक लावायला आला. आप्पा स्कूटरवर मागं बसलेले, मांडीवर चिठ्ठीत मिळालेलं रोप. रखवालदार जवळ आला, घुटमळला. "आप्पा, घरातला मोगरा फुलंना झालाय. पानं रग्गड, फूल न्हाई."

"पाणी किती घालतोस?"

"रोज."

आप्पा स्कूटरवरून उतरले. रोप नातवाच्या हातात दिलं. "पाणी बंद कर. पंधरा दिवस ताण दे, पानं मलूल पडू देत, भ्यायचं नाही. मग छाटून घे, निम्म्यावर. उरलेली पानं ओरबाड. आळं उकर, शेणखत घाल, मग पाणी. मार्चात कळ्या मोजायला मला बोलव."

नातवानं कुंडी पुढं केली. आप्पांनी खिसे चाचपले. सुट्टे संपले होते.