अंतर कोणी मोजले?

पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शिक्षण आयुक्तांनी २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा, उभारण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नमुना म्हणून याच दोन ठिकाणांकडे बोट दाखवण्यात आले. अशा कमी पटाच्या शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक होत्या.

वाडीवरच्या मुलांना राजकारण उलगडून दाखवायचे असेल, तर याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण, कारण येथे धोरणाचा विषय म्हणजे ती ज्या खोलीत बसली आहेत ती खोलीच आहे. नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद ही उतरंड पाठ करून घेतली जाते. पण शाळा जिल्हा परिषदेची असताना तिचे भवितव्य वरून आलेल्या एका पत्राने का ठरावे, हा प्रश्न स्वाध्यायात नसतो.

शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत असावी लागते. ते अंतर मुलांनी चालून मोजावे आणि श्रावणात ओढ्याला पाणी आल्यावर पुन्हा मोजावे. शासनाची बाजूही त्यांनी तितक्याच नेकीने मांडावी: सात मुलांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत, आणि एकच शिक्षक सगळ्या इयत्ता एका फळ्यावर शिकवत राहतो.

शिक्षकाची अडचण मात्र वेगळी आहे. जिल्हा परिषदेचे १९६७ चे वर्तणूक नियम त्याला पक्षीय राजकारणापासून दूर ठेवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु शाळा बंद झाली तर त्याचीही बदली होणार असते, म्हणजे या वादात तो तटस्थ नाही. हे त्याने वर्गात उघड सांगावे. आमच्या मते धड्याचा सर्वांत मोलाचा भाग हाच, कारण कोण बोलतो आहे आणि त्याचे काय पणाला लागले आहे, हे विचारण्याची सवय शिक्षकापासूनच लागते.

पालकांच्या नावे माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. काय विचारायचे ते मुलांनी ठरवावे: बसचा खर्च कोण करणार, रिकाम्या इमारतीचे काय होणार, ग्रामसभेचा ठराव घेतला होता का?

१५ ऑगस्टला झेंडावंदन झाले की मुले खाऊ घेऊन घरी जातात, आणि अनेक गावांत त्यानंतर ग्रामसभा भरते. मुलांना तेथे मत नाही. मागच्या बाजूला बसून, इतिवृत्तात लिहिलेले अंतर आपल्या वहीतल्या अंतराशी ताडून पाहायला मात्र कोणाची हरकत नसावी.