ट्रीटेड लाकडाला आच दाखवण्याआधी

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ट्रीटेड लाकडाबद्दल, म्हणजे वाळवी लागू नये, कुजू नये म्हणून कारखान्यात प्रेशर देऊन ज्याच्यात औषध मुरवलेलं असतं ते लाकूड. घरी सुतारकाम करणारे बरेच जण विचारतात की हे गरम केलं तर चालतं का? याचं एका शब्दात उत्तर नाही देता येणार, कारण गरम करणं म्हणजे नक्की किती गरम, सगळं त्याच्यावर आहे.

आधी आत काय असतं ते बघू. जुन्या ट्रीटेड लाकडात बहुतेक वेळा सीसीए असायचं, म्हणजे क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक. हे मिश्रण १९३३ साली डॉ. सोंती कामेसम यांनी शोधून काढलं, आणि काम ते जबरदस्त करायचं, जमिनीत गाडलेले खांब वर्षानुवर्षं टिकायचे, त्यामुळे जगभर वापरलं गेलं. पुढे आर्सेनिकची काळजी वाटायला लागली आणि अमेरिकेत २००३ च्या अखेरीला घरगुती वापराच्या लाकडासाठी ते बंद झालं. आता जास्त करून तांब्यावर आधारलेली औषधं असतात, एसीक्यू, कॉपर अझोल वगैरे, त्यात आर्सेनिक नसतं.

आता उष्णतेचं. फळ्या ओल्या आल्यात म्हणून मध्ये पट्ट्या घालून हवेशीर जागी रचून ठेवल्या, ऊन लागलं, तर काही बिघडत नाही. कारखान्यातसुद्धा ट्रीटमेंटनंतर भट्टीत वाळवलेलं लाकूड मिळतं, पण ते कंट्रोल केलेल्या तापमानात केलेलं असतं. म्हणून आपण घरच्या ओव्हनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये तुकडा वाळवायला टाकायचा असा अर्थ त्यातून काढू नका, जिथे अन्न शिजतं तिथे हे लाकूड अजिबात नको. वाफ देऊन वाकवायचं असेल तरी साधंच लाकूड घ्या, वाफेचं पाणी खाली गळतं त्यात औषध उतरू शकतं आणि ते पाणी शेवटी आपल्याच हातावर येतं.

खरी भीती आहे ती जळण्याची. ब्लोटॉर्च, हीट गन, लाकडावर डागून नक्षी काढायचं पेन, लेझर कटर, या सगळ्यात लाकूड काळं पडतं ना, म्हणजे ते जळायला लागलंय. सीसीए असेल तर त्यातल्या आर्सेनिकचा काही भाग धुराबरोबर हवेत जातो आणि बाकीचा राखेत राहतो, आणि राख थोडीशीच उरते त्यामुळे त्यात हे विष एकवटलेलं असतं. लहान मूल किंवा जनावर त्या राखेपर्यंत पोचलं तर काय होईल याचा विचार करा. तांब्याच्या नव्या औषधांत आर्सेनिक नाही हे खरंय, पण तांब्यामुळे जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार व्हायला मदत होते, त्यामुळे नवीन आहे, जाळलं तर चालतं, हे साफ चुकीचं आहे. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, सीसीएचं लाकूड वरून विझल्यासारखं दिसलं तरी आत बराच वेळ धुमसत राहतं.

१९८४ साली अमेरिकेतल्या एका मेडिकल जर्नलमध्ये विस्कॉन्सिनमधल्या आठ जणांच्या कुटुंबाची केस छापून आली होती. घर गरम ठेवायला ते स्टोव्हमध्ये असंच लाकूड जाळायचे, दर हिवाळ्यात घरातली माणसं आजारी पडायची, अंगावर पुरळ, नाकातून रक्त, केस गळणं, आणि कारण लक्षात यायला काही वर्षं गेली. मला ही केस फार महत्त्वाची वाटते, कारण त्यांनी कुठलाही वेडेपणा केला नव्हता, लाकूड होतं म्हणून जाळलं, इतकंच.

मास्क लावला तर? धुळीचा साधा मास्क भुशासाठी ठीक आहे, हे लाकूड कापताना आणि घासताना तो लावायलाच हवा, पण धुरातले वायू तो अडवत नाही. दार-खिडकी उघडी ठेवून टॉर्च मारतो म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की मुळात मारूच नका.

सध्या फळी जाळून काळी करायची जपानी पद्धत, याकिसुगी, खूप चाललीये. दिसतं सुंदरच. पण ती मुळात औषध न लावलेल्या सुगी, म्हणजे जपानी देवदाराच्या लाकडासाठी आहे, आणि जळालेला थर हाच तिथे संरक्षण देतो, मग औषध मुरवलेली फळी परत जाळायची कशाला? काळा रंगच हवा असेल तर स्टेन लावा.

ओळखायचं कसं? नवीन फळीवर हिरवट झाक असते, टोकाला टॅग असतो, पण जुनी झाली की रंग उडून करडी पडते आणि नुसत्या डोळ्यांनी काही कळत नाही. म्हणून कुठून आलंय माहीत नसलेलं जुनं लाकूड, डेकचं, कुंपणाचं, खांबाचं, ते ट्रीटेडच आहे असं धरून चाला. पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर, एचटी असा शिक्का असेल तर ते नुसतं उष्णता दिलेलं असतं, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस ३० मिनिटं, त्यात औषध नसतं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला असतो, ते घेऊ नका. एचटीवालंही डाग पडलेलं असेल तर सोडून द्या, त्याच्यावर काय सांडलंय कोणाला ठाऊक.

उरलेले तुकडे आणि भुसा शेकोटीत नाही, चुलीत नाही, खतातही नाही. पिशवीत भरून तोंड बांधा आणि तुमच्या इथल्या कचरा विभागाला विचारून ते सांगतील तिथेच द्या.