उरलेले 17 पॉइंट

(नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. ओळख करून देताना 'गेमिंगतज्ज्ञ' असा शब्द आला, तो आधी काढून टाकू. मी सातपूरला एका टूलरूममध्ये काम करतो आणि वीसेक वर्षं रात्री ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळतो. लग्न झालं, मुलगी झाली, तरी सुटलं नाही. पात्रता एवढीच. पहिल्या रांगेत पिंपळगावहून माझे मामा आलेत. भाचा कंप्युटरवर काहीतरी बोलणार आहे, असं त्यांना सांगून आणलंय.

मामांसाठी दोन शब्द. या खेळांत तुम्ही एक कॅरेक्टर बनवता, त्याला पॉइंट मिळतात, ते कुठे खर्च करायचे हे तुम्ही ठरवता. या ठरवण्याला बिल्ड म्हणतात. पॉइंट मारण्यात घातले की डॅमेज वाढतं. बाकी सगळं म्हणजे मित्राला बळ देणं, शत्रूला कमजोर करणं, त्याला जागेवर खिळवणं, जखम भरणं. याला युटिलिटी म्हणतात. डॅमेजचा आकडा स्क्रीनवर उडताना दिसतो, युटिलिटीचा दिसत नाही. पॉइंट डॅमेजमध्ये घालावेत की युटिलिटीत, हे सगळं भांडण तिथून सुरू होतं.

मी शिकलो 'रॅग्नारॉक ऑनलाइन'वर. कोरियाचा खेळ, 2002 चा. काही वर्षं त्याचा भारतातही सर्व्हर होता. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत आम्ही पाच जण एका रांगेत बसायचो, तासाचे पैसे काढून. त्या जुन्या रॅग्नारॉकचं गणित मला आजही तोंडपाठ आहे, कारण इतकं प्रामाणिक गणित मी पुढे कुठल्याच खेळात पाहिलं नाही.

सहा स्टॅट. ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, कौशल्य, नशीब. आम्ही म्हणायचो स्ट्रेंथ, अॅजी, विट, इंट, डेक्स, लक. प्रत्येक 1 पासून 99 पर्यंत जातो. पण भाव चढता आहे. सुरुवातीची दहा पावलं 2 पॉइंटला एक, पुढची दहा 3 पॉइंटला, मग 4 ला, असं करत 91 च्या पुढे एका पावलाला 11 पॉइंट. एक स्टॅट 1 वरून 99 वर न्यायला एकूण 628 पॉइंट. आणि लेव्हल 99 ला पोचेपर्यंत तुमच्या हाती येतात 1273. वजाबाकी करा. दोन स्टॅट पूर्ण भरले की 1256 गेले, उरले 17. त्या 17 मध्ये विट फार तर 9 पर्यंत जातं आणि एक पॉइंट सुटा राहतो.

बहुतेक पोरं नेमकं हेच करायची. दोन 99, बाकी शून्यासारखं. आरशात बघायला छान.

आता प्रीस्टचं, म्हणजे मित्रांना बळ देणाऱ्या, जखमा भरणाऱ्या कॅरेक्टरचं, एक स्किल बघा, ब्लेसिंग. दहाव्या पातळीचं ब्लेसिंग मित्रावर टाकलं की त्याची ताकद, बुद्धी आणि डेक्स, तिन्ही 10 ने वाढतात, चार मिनिटं. नुसतं डेक्स धरा. 89 वरून 99 वर जायला स्वतःच्या खिशातून 108 पॉइंट लागतात. म्हणजे प्रीस्ट एका टिचकीत तुम्हाला 108 पॉइंटांचा माल उसना देतो, आणि पार्टीत, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या टोळीत, 12 जण असू शकतात. एवढं असूनही आमच्या कॅफेत कुणाला प्रीस्ट व्हायचं नव्हतं. चिठ्ठ्या टाकल्या, माझी निघाली.

मी चिडून बॅटल प्रीस्ट केला. पॉइंट ताकदीत घातले, हातात गदा घेतली, म्हटलं मीही मारणार. पुढे जे झालं ते जरा सावकाश सांगतो.

आमच्यात एक मंक होता, म्हणजे ठोशांनी लढणारं कॅरेक्टर. मंकचा असुरा स्ट्राइक म्हणजे अंगातली सगळी शक्ती, सगळा एसपी, एका ठोशात. ठोसा लागला की एसपी शून्य, आणि पुढची पाच मिनिटं तो आपोआप भरतही नाही. आणि प्रीस्टकडे असतं लेक्स इटर्ना. शत्रूवर टाकलं की त्याला बसणारा पुढचा घाव दुप्पट. फक्त पुढचा, एकच. या दोघांची जोडी सगळ्यांना माहीत होती: आधी लेक्स, मग असुरा. आम्ही बाफोमेट नावाच्या बॉससमोर, म्हणजे मोठ्या राक्षसासमोर, उभे. मंक शेजारच्या खुर्चीतून ओरडतोय, "लेक्स टाक, लेक्स टाक!" मी टाकलं. बॉसच्या डोक्यावर खूण आली. पण माझं कॅरेक्टर त्याआधीच बॉसला गदा मारत होतं, ते मी थांबवलं नव्हतं. पुढचा घाव माझा पडला. दोनशेच्या जागी चारशे. खूण गेली. अर्ध्या सेकंदाने असुरा पडला, एकपट, अठरा हजार. छत्तीस पडायला हवे होते. मंक मोकळा, बॉस उभा, आणि मग आम्ही एकेक करून आडवे. त्या रात्री माझ्या चहाचे पैसे कुणी दिले नाहीत.

मी त्या दोनशे डॅमेजसाठी गदा घेतली होती, ते मला मिळाले, दुप्पट मिळाले, आणि पार्टीचे अठरा हजार गेले. माझ्याकडे युटिलिटी होतीच, नव्हती असं नाही. ती माझ्याच डॅमेजने खाल्ली.

(फळ्याकडे) आता हे जरा आकड्यांत मांडू. आकडे माझे, सोयीचे. पाच जण, प्रत्येकाचं डॅमेज 100. एकूण 500. त्यातल्या एकाने सपोर्ट बिल्ड केला. स्वतःचं डॅमेज 60 वर आलं, पण बाकी चौघांचं 15 टक्क्यांनी वाढलं. 60 अधिक चार वेळा 115, म्हणजे 520. फायदा. तोच माणूस एकाच मित्राबरोबर खेळला तर 60 अधिक 115, म्हणजे 175; दोघांनी नुसतं मारलं असतं तर 200. तोटा. चौघांत 405 विरुद्ध 400, जेमतेम. बिल्ड तोच, पॉइंट तेच. माणसं बदलली.

आता त्या पाचांत दोघांनी तोच सपोर्ट केला. दोन ब्लेसिंग एकावर एक चढत नाहीत, तसेच हे दोन बफही, म्हणजे मित्रांना दिलेलं बळही, चढत नाहीत. दोघांना एकमेकांचा बफ मिळतो, म्हणून 60 चे 69. दोन वेळा 69 म्हणजे 138, अधिक तीन वेळा 115 म्हणजे 345. बेरीज 483. एकही सपोर्ट नसता तर 500 होते! मारणारा दुसरा आला तर त्याचे 100 चे 100 बेरजेत पडतात. सपोर्टमध्ये पहिला सोन्याचा आणि दुसरा घाट्याचा. कागदावर बिल्ड बनवताना हे दिसूच शकत नाही, कारण कागदावर तुम्ही एकटे असता.

ते 15 टक्के मी हवेतून घेतले नाहीत. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' 2004 ला आला, तेव्हा 40 जणांची रेड, म्हणजे बॉसवर चालून जाणारी टोळी, असायची. शॅडो प्रीस्ट नावाचा प्रकार स्वतः मारण्यात वॉरलॉकच्या मागे असायचा, पण त्याच्या शॅडो वीव्हिंगने बॉसला बसणारं शॅडो डॅमेज 15 टक्क्यांपर्यंत वाढायचं. वॉरलॉकही शॅडो डॅमेजच करायचे, म्हणून त्यांच्या भल्यासाठी एक शॅडो प्रीस्ट घ्यायचे. एकच! दुसऱ्याला म्हणायचे, हीलर, म्हणजे जखमा भरणारा, हो नाहीतर घरी बस. शिवाय तेव्हा बॉसवर एका वेळी डीबफ, म्हणजे त्याला कमजोर करणाऱ्या खुणा, राहायचे फक्त 8, पुढे 16 केले. चाळीस माणसं आणि आठ खुंट्या. तुझं विष टाकू नको, त्याने कामाची खूण गळून जाते, असं रेडचा म्होरक्या एकेकाला दम देऊन सांगायचा.

'गिल्ड वॉर्स 2' मध्ये तर हा हिशेब खेळ बनवणाऱ्यांनीच पक्का करून ठेवलाय. तिथले बफ, बून म्हणतात त्यांना, एका वेळी पाच जणांना लागतात. रेड दहाची. म्हणून पाच-पाचचे दोन गट, आणि प्रत्येक गटात एक क्विकनेस (हात जलद चालवणारा बून) देणारा, एक अलॅक्रिटी (स्किल लवकर परत तयार करणारा बून) देणारा. हे लोक थोडं मारतात आणि बून देतात. जागा किती ते आधीच ठरलेलं असल्यामुळे तिथे भांडण कमी. मला तो खेळ त्यामुळे जरा अळणी वाटतो, पण ते माझं मत.

एकटं खेळणाऱ्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. 'पाथ ऑफ एक्झाइल' घ्या, 2013 चा. तिथे डॅमेज वाढवणारे दोन शब्द आहेत, 'इन्क्रीज्ड' आणि 'मोर'. सगळे इन्क्रीज्ड आधी एकमेकांत मिळवतात, मग एकदाच गुणतात. मोर मात्र प्रत्येक वेळी वेगळा गुणला जातो. मूळ डॅमेज 100, आणि 200 टक्के इन्क्रीज्ड तुम्ही आधीच जमवलंय, म्हणजे 300. आणखी 30 टक्के इन्क्रीज्ड घेतलं की 330. वस्तूवर 30 टक्के लिहिलेलं, पदरात पडले 10 टक्के. आता तेच कष्ट शापाकडे वळवा. शत्रूचा आगीला रेझिस्टन्स 50 टक्के, म्हणजे तुमच्या 300 मधले त्याला 150 लागतात. शापाने तो रेझिस्टन्स 25 वर आणला तर 225 लागतात. दीडपट! मोठ्या बॉसवर शाप कमी लागतो, ते खरं. तरीही पहिला शाप बहुधा डॅमेज वाढवणाऱ्या दहाव्या नोडपेक्षा, म्हणजे पॉइंट घालायच्या दहाव्या घरापेक्षा, जड भरतो. शाप हा युटिलिटीच्या खणात ठेवलेला असतो, एवढ्यावरून पोरं तो उघडत नाहीत.

(इथे मामा म्हणाले, "म्हणजे आमची एप्रिलची छाटणी.")

मामा बागाईतदार आहेत, त्यामुळे मुलांना सांगतो. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलची खरड छाटणी, तेव्हा वेल बोडका होतो, एक मणी दिसत नाही, खर्च मात्र सगळा चालू. पण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जे घड निघतात, ते उन्हाळ्यात त्या नव्या काडीच्या डोळ्यात ठरलेले असतात. मामा, अर्धं बरोबर. पण एप्रिलला कात्री चालवणारे तुम्ही आणि फेब्रुवारीत माल विकणारेही तुम्हीच. खेळात छाटणी माझी आणि घड शेजाऱ्याच्या मळ्यात. कुणी किती डॅमेज केलं ते दाखवणाऱ्या मीटरवर मंकचं नाव पहिलं, माझं शेवटचं. रुसवा तिथला आहे. तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही, रात्री दोनपर्यंत बाराजणांवर दर चार मिनिटांनी ब्लेसिंग टाकून बघा.

(मागच्या रांगेतून एका मुलीने विचारलं: "पण सर, सपोर्ट केला तर एकटीने लेव्हल कशी वाढवायची? पार्टी रोज कुठे मिळते?")

फार बरोबर प्रश्न, आणि याचं उत्तर मला माझ्या पहिल्या प्रीस्टनंतर सापडलं. चूक डॅमेज घेण्यात नव्हती. माझी ताकद गदेशिवाय कशालाच उपयोगी नव्हती, ती चूक. प्रीस्टला मारण्याचा दुसरा रस्ता होता, मॅग्नस एक्झॉर्सिस्मस. भुतं आणि राक्षस, एवढ्यांनाच लागतं, पण असं लागतं की काय सांगू. त्याचा कास्ट, म्हणजे मंत्र पुरा व्हायला लागणारा वेळ, 15 सेकंदांचा. त्या खेळात डेक्स 150 झालं की कास्टचा वेळ शून्य होतो, आणि अधेमधे त्याच प्रमाणात कमी. डेक्स 30 असेल तर 15 चे 12 सेकंद, 120 असेल तर 3. आणि डॅमेज ठरतं बुद्धीवर. म्हणजे बुद्धी आणि डेक्स, जे दोन स्टॅट हील मोठं करतात आणि सपोर्टचे कास्ट लवकर उरकतात, तेच दोन. एका पॉइंटाने दोन कामं. लहान लेव्हलला तर नुसतं हीलसुद्धा पुरतं. मेलेल्या जातीच्या शत्रूवर हील टाकलं की ते निम्म्या आकड्याने त्याला जखम करतं. पायॉनच्या गुहेत मी झॉम्बींवर हील टाकत कितीतरी संध्याकाळी काढल्यात. तेव्हा बिल्ड बघताना डॅमेज किती हे विचारा, पण ते डॅमेज कुठल्या स्टॅटवर चाललंय आणि तो स्टॅट मित्रांच्या कामी येतो का, हेही विचारा.

("मग तुम्ही नंतर दोन्ही 99 केले?")

केले. दुसरा प्रीस्ट, इंट 99, डेक्स 99, उरलेले 17 विटमध्ये. विट 9. बॉसने नुसतं वळून बघितलं की मी आडवा. आणि आडव्या प्रीस्टचं लेक्सही शून्य, मॅग्नसही शून्य. तेव्हा पॉइंट परत फिरवायची सोय नव्हती, त्यामुळे तिसरा केला. त्यात डेक्स 89 वर थांबवलं. वरच्या दहा पावलांचे 108 वाचले, त्यात ते 17 मिळवले, 125 झाले. खालच्या पायऱ्या स्वस्त असतात, त्यामुळे तेवढ्यात विट 9 ऐवजी 38 झालं. आणि डेक्सचे गेलेले 10? ब्लेसिंग स्वतःवरही टाकता येतं. चार मिनिटं पुन्हा 99.

मंकने विचारलं, मीटरवर काही फरक? काहीच नाही, मी शेवटचाच. पण बाफोमेटचा फटका बसूनही मी उभा राहिलो आणि लेक्स टाकलं. या वेळी त्याच्यावर पहिला घाव असुराचाच पडला, कारण गदा मी आदल्या दिवशीच दुकानात विकून टाकली होती.