सावली लांब असेपर्यंत

(अंधूक उजेड. झाडाच्या शेंड्यावर एक काळी-पांढरी आकृती.)

अजून पुरतं उजाडलेलं नाही. रस्ता रिकामा आहे. आणि वरून कुठून तरी शीळ येते. गोड, चढत जाणारी. क्षणभर थांबते आणि नव्या वळणाने पुन्हा सुरू होते.

हा दयाळ. उन्हाळा हा त्याच्या विणीचा हंगाम. या दिवसांत नर भल्या पहाटेपासून गायला बसतो. त्याला पानांत शोधू नका, सरळ शेंड्याकडे बघा. ही जागा माझी आहे, हे त्याला सगळ्यांना सांगायचं असतं, म्हणून तो उघड्यावरच बसतो. डोकं, पाठ, छाती काळी कुळकुळीत, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा. दुर्बीण लावली की गाताना गळ्यावरची पिसं थरथरतात, तीही दिसतात. मला या सगळ्यात तेच सर्वांत जास्त आवडतं.

आपला आवाज श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला तयार होतो. पक्ष्यांचा तयार होतो पार खाली, छातीत, जिथे श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे. गायक पक्ष्यांना हे दोन्ही फाटे वेगवेगळे चालवता येतात. म्हणजे एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन सूर! आणि ही गाणी बहुतेकांना जन्मतः येत नाहीत. पिल्लं मोठ्यांचं ऐकतात, आधी नुसतं पुटपुटतात, चुकतात, मग हळूहळू गाणं जुळून येतं. आडोशाला बसून हलक्या आवाजात काहीतरी तुटक म्हणणारा एखादा पक्षी दिसला, तर थोडा वेळ थांबा. त्याचा रियाज चालू असेल.

जगात पक्ष्यांच्या सुमारे ११ हजार जाती आहेत, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या शास्त्राच्या भाषेत गायक पक्षी आहेत. यात बुलबुल येतो, शिंपी येतो, आणि कावळाही येतो. कोकीळ मात्र येत नाही. तिचं कूळ वेगळं, गळ्याची घडण वेगळी. आपण म्हणतो ‘कोकिळा गाते’, पण आमराईत कुहूकुहू करणारा असतो तो नर. हे कळल्यानंतर त्या आवाजाची गोडी कमी होत नाही. कावळ्याकडे मात्र नव्या नजरेने बघितलं जातं.

(उजेड वाढतो. जमिनीवर झाडाची लांबच लांब सावली.)

पहाटेच एवढा कलकलाट का? हवा थंड आणि स्थिर असते, आवाज दूरवर जातो. कीटक टिपायला उजेड अजून पुरेसा नसतो, तेव्हा तो वेळ गाण्यात जातो. आणि नेमकी हीच वेळ आपल्या त्वचेलाही सोसते. सूर्य क्षितिजाजवळ असतो, त्याच्या किरणांना वातावरणाचा जाड थर पार करावा लागतो आणि त्वचा भाजणारे अतिनील किरण वाटेतच मोठ्या प्रमाणात अडतात.

याचं मोजमाप तुमच्या पायाशीच पडलेलं असतं. सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल, तर खुशाल फिरा. ती उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन प्रखर झालं असं समजा. हवामानाच्या अंदाजात अतिनील निर्देशांक दिलेला असतो. तो ३ किंवा त्याहून जास्त असेल, तर अंग झाकायला हवं.

अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि कातडीला उष्णही लागत नाहीत. १८०१ साली योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने वर्णपटातल्या जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे चांदीचा क्षार ठेवला. तो सर्वांत लवकर काळा पडला, म्हणजे तिथे न दिसणारे किरण होतेच. आपली फसगत होते ती इथेच. या चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी ढग होते, गार वारा होता, म्हणून आमच्यातल्या कुणी काही लावलं नाही. संध्याकाळी आमच्या कॅमेरामनचा गळा लालभडक झाला होता, हनुवटीच्या बरोबर खाली. दिवसभर मान वर करून शेंडे बघितले होते ना!

पक्षी बघणाऱ्यांनी या जागा लक्षात ठेवाव्यात: गळा, कान, मानेची मागची बाजू, आणि दुर्बीण धरलेल्या हातांच्या पाठी. साध्या टोपीने कान झाकले जात नाहीत, चौफेर रुंद काठ असलेली घ्या. घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा सदरा कुठल्याही क्रीमपेक्षा भरवशाचा. उरलेल्या उघड्या भागावर सनस्क्रीन, निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं. एसपीएफ म्हणजे डबीवरचा संरक्षणाचा आकडा. एसपीएफ ३० भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० अडवतं सुमारे ९८. फरक एवढासाच. खरा फरक पडतो तो किती लावता यावर. डबीवरचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो, आणि आपण बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाही. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटं भरून घ्या. दर दोन तासांनी पुन्हा लावा, घाम पुसलात तर त्याआधीच. सावळ्या त्वचेला थोडं नैसर्गिक संरक्षण असतं, पण तेवढ्यावर विसंबू नका. आणि दुर्बीण कधीही, चुकूनसुद्धा, सूर्याकडे वळवू नका.

आपल्याला जाळणारा हाच प्रकाश पक्ष्यांसाठी मात्र रंग आहे. अनेक गायक पक्ष्यांच्या डोळ्यांत अतिनील ओळखणाऱ्या पेशी असतात. ब्लू टिट नावाच्या पक्ष्याच्या डोक्यावरचा निळा टोप अतिनील प्रकाशात झळकतो आणि मादी जोडीदार निवडताना तो बघते, हे १९९८ मध्ये समोर आलं. आपल्याला नर-मादी जवळपास सारखेच दिसत होते!

(भर दुपार. सावली पायाशी गोळा झालेली.)

आता झाडं गप्प आहेत. पक्ष्यांना घाम येत नाही. फांदीच्या आतल्या बाजूला तो बुलबुल बघा: चोच उघडी, पंख अंगापासून किंचित सुटे, श्वास भरभर. असा पक्षी दिसला तर जवळ जाऊ नका, त्याला उडायला लावू नका. सावलीत एक उथळ भांडं ठेवा, दोन बोटं पाणी आणि टेकायला एक दगड. पाणी रोज बदला. आणि फोनवर त्याच्याच जातीचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. समोर प्रतिस्पर्धी आला असं समजून तो विणीची कामं सोडून धावत येतो.

तुम्हीही आत जा, पाणी प्या, पडा थोडं.

(ऊन कलतं. सावली पुन्हा माणसाच्या उंचीपलीकडे जाते.)

भांड्याच्या काठावर बुलबुल येतो. आधी दगडावर, मग पाण्यात. पंख फडफडवतो, अंग झटकतो, पिसं नीट करतो. वर शेंड्यावर दयाळ येऊन बसलाय.

(आवाज सुरू होतो. निवेदन इथे थांबतं.)